एकाच तारेचे ग्राहक

इंटरनेट सेवेविषयी भारतातील शहरी ग्राहकाची तक्रार बहुधा वेगापासून सुरू होते आणि असहायतेपाशी येऊन थांबते. संध्याकाळी चित्रपट अडखळतो, कामाच्या बैठकीत आवाज तुटतो, पावसाची मोठी सर आली की नेट जाते, तक्रार नोंदवावी तर तक्रारीचा क्रमांक मिळतो पण बोलायला माणूस मिळत नाही, आणि महिनाअखेरीस बिल मात्र पूर्ण येते. हे सर्व सहन करण्याजोगे ठरले असते, जर ग्राहकाला दुसरीकडे जाता आले असते. परंतु सेवा वाईट आहे हे ठाऊक असूनही ती सोडून जाण्यासारखी दुसरी जागा नाही, ही जाणीव त्या प्रत्येक किरकोळ बिघाडाला अपमानाची धार देते. ही असहायता तांत्रिक मागासलेपणातून आलेली नाही, कारण फायबरची तार मुंबईत आणि स्टॉकहोममध्ये एकाच भौतिक नियमाने चालते. घरापर्यंत पोहोचणारी तार आणि त्या तारेवरून दिली जाणारी सेवा या दोन भिन्न गोष्टी भारतात एकाच हाती राहू दिल्या गेल्या, यातून ती निर्माण झाली आहे, आणि असे राहू देणे हा नाइलाज नसून एक धोरणात्मक निर्णय होता, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात असे मांडले की, एखाद्या संस्थेची किंवा सेवेची घसरण सुरू झाली की तिच्या ग्राहकापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: सेवा सोडून निघून जाणे, किंवा तेथेच राहून आवाज उठवणे. बाजारावर विश्वास असणारे पहिल्या मार्गावर भर देतात, तर राजकारणावर आणि नागरिकत्वावर विश्वास असणारे दुसऱ्यावर. हर्शमन यांचे खरे वेगळेपण याच्यापुढचे आहे. नायजेरियातील रेल्वेची अवस्था पाहताना त्यांच्या लक्षात आले की, मालमोटारींचा पर्याय उपलब्ध होऊनही रेल्वे सुधारली नाही, कारण ज्यांना सेवेच्या दर्जाची सर्वांत अधिक फिकीर होती आणि ज्यांनी सर्वांत जोरात तक्रार केली असती, तेच ग्राहक मालमोटारींकडे निघून गेले आणि मागे उरले ते ज्यांचा आवाज क्षीण होता. अर्धवट पर्याय असणे हे कधीकधी पर्याय नसण्यापेक्षाही घातक ठरते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष भारतातील इंटरनेट सेवेला विलक्षण लागू पडतो. 2020 च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणाऱ्या पुण्या-मुंबईतील सुस्थित कुटुंबांनी दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, राउटरला बॅटरीचा आधार दिला, आणि तेही बंद पडले तर फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. ही तजवीज त्यांच्या दृष्टीने शहाणपणाची होती. तिचा सामाजिक परिणाम मात्र असा झाला की, ज्यांच्या तक्रारीला वजन होते त्यांनी आपापला प्रश्न पैशाने सोडवला आणि एकाच स्वस्त जोडणीवर मुलांची शाळा नि स्वतःचे काम चालवणारी कुटुंबे मागे राहिली.

पर्याय अर्धवट का राहिले, हे समजून घ्यायचे तर ज्या तारेने इंटरनेट घरात शिरले तिचा इतिहास पाहावा लागतो. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि 1998 च्या अखेरीस खासगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाली. त्या काळात इंटरनेट दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून येत असे, आणि ही तार जवळजवळ सर्वत्र सरकारी कंपन्यांची होती: मुंबई व दिल्लीत महानगर टेलिफोन निगमची, उर्वरित देशात 2000 नंतर भारत संचार निगमची. दुसऱ्या बाजूला, 1990 च्या दशकाच्या आरंभी गच्चीवरून गच्चीवर तारा टाकत केबल टीव्हीचा धंदा उभा राहिला होता. त्यात एकेका गल्लीचा एकेक केबलवाला ठरून गेला आणि दुसऱ्याच्या हद्दीत तार न टाकण्याचा अलिखित करार महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत पाळला गेला. पुढे याच केबलवाल्यांमार्फत मोठ्या कंपन्यांनी ब्रॉडबँड विकायला घेतले, तेव्हा हद्दींची ती जुनी वाटणीही इंटरनेटच्या वाट्याला आली. त्यामुळे जाहिरातीत चार कंपन्यांची नावे दिसली तरी एखाद्या विशिष्ट इमारतीपुरता प्रश्न विचारला, तर उत्तर पुष्कळदा एक किंवा दोन एवढेच येते. स्पर्धा शहरात असते; ग्राहक मात्र इमारतीत राहतो, आणि बाजाराची मोजणी शहराच्या किंवा राज्याच्या पातळीवर करणाऱ्या अहवालांत हा फरक सापडत नाही.

ही रचना मोडण्याची एक संधी 2004 साली आली होती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, त्या वर्षी एप्रिलमध्ये अशी शिफारस केली की, सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा ठरावीक भाड्याने इतर सेवादात्यांना वापरू द्याव्यात. दूरध्वनी केंद्रापासून घरापर्यंतच्या तारेचा हा शेवटचा टप्पा मालकाच्या एकाधिकारातून मोकळा करण्याच्या व्यवस्थेला दूरसंचाराच्या परिभाषेत ‘लोकल लूप अनबंडलिंग’ म्हणतात. त्यामागचा विचार साधा आहे: रस्ता खोदून घरोघर तार नेणे हे इतके खर्चिक काम आहे की एकाच घराला पाच तारा नेणे समाजाला परवडत नाही, पण एकाच तारेवरून पाच कंपन्यांना सेवा देता येते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने ही शिफारस स्वीकारली नाही आणि तारा भाड्याने देणे कंपन्यांच्या आपसांतील व्यापारी करारांवर सोडून दिले. ज्याच्याकडे तार आहे तो ती प्रतिस्पर्ध्याच्या हाती स्वखुशीने कशासाठी देईल, या प्रश्नाचे उत्तर धोरणात नव्हते. सरकारी कंपन्यांचे हित जपण्याचा हेतू त्यामागे असेल, तर तोही साधला नाही, कारण त्या तांब्याच्या जाळ्याचे मोल पुढील वर्षांत ओसरत गेले आणि खासगी कंपन्यांनी आपापली स्वतंत्र फायबर टाकली, जी पुन्हा त्यांच्याच ताब्यात राहिली. दोन दशकांनंतर मागे वळून पाहताना हा निर्णय भारतीय इंटरनेटच्या इतिहासातील सर्वांत महागात पडलेल्या निर्णयांपैकी एक वाटतो, आणि त्याची चर्चा मराठीत जवळजवळ झालेली नाही ही खेदाची गोष्ट आहे.

नव्या गृहसंकुलांत याच एकाधिकाराचे अधिक टोकदार रूप दिसते. बांधकाम चालू असतानाच बिल्डर एखाद्या कंपनीशी करार करतो, इमारतीतील नळ्यांमधून त्याच कंपनीची तार घातली जाते, आणि रहिवासी राहायला येईपर्यंत त्यांच्या वतीने निवड होऊन गेलेली असते. पुढे सोसायटी स्थापन झाली तरी दुसऱ्या कंपनीला जिन्यातून वर जाऊ देण्यासाठी पैसे मागितले जातात किंवा परवानगीच नाकारली जाते. ‘ट्राय’ने जानेवारी 2017 मध्ये इमारतींमधील अशा एकाधिकारी करारांना मनाई करण्याची शिफारस केली होती. अमेरिकेत तेथील संघीय दळणवळण आयोगाने असे करार 2008 मध्येच बेकायदा ठरवले आणि पळवाटा राहिल्याचे दिसताच 2022 मध्ये नियम आणखी कडक केले, म्हणजे खासगी मालमत्तेच्या हक्काचे कडवे समर्थन करणाऱ्या देशातही रहिवाशाच्या निवडीचा हक्क वरचढ मानला गेला. भारतात ‘ट्राय’ने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार गुणांकन देण्याचे विनियम आणले, पण हे गुणांकन ऐच्छिक आहे आणि ज्या बिल्डरला ते नको त्याच्या ग्राहकाची स्थिती त्याने बदलत नाही.

तारेची ही कोंडी मोबाइलने फोडली, असे उत्तर येथे दिले जाते, आणि त्यात मोठे तथ्य आहे. 2024 च्या अखेरीस देशातील सुमारे 94 कोटी ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारेवरचे ग्राहक चार कोटींच्या आसपास होते, बाकी सर्व मोबाइलवर. भारतीय माणसासाठी इंटरनेट म्हणजे मुख्यतः हातातला फोन. पण तेथेही निवडीचे वर्तुळ आक्रसत गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये टू-जी प्रकरणात 122 परवाने रद्द केले तेव्हा एकेका दूरसंचार परिमंडळात दहाच्या आसपास कंपन्या होत्या. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतरच्या दरयुद्धात एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला, 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाची, म्हणजे कंपन्यांच्या ज्या उत्पन्नावर सरकारचा वाटा ठरतो त्याची, व्यापक व्याख्या मान्य केली आणि या एकत्रित कंपनीवर जुन्या थकबाकीचा डोंगर कोसळला. तिला तगवण्यासाठी केंद्र सरकारने देण्याचे भागभांडवलात रूपांतर केले आणि 2025 मध्ये सरकारचा हिस्सा 49 टक्क्यांच्या घरात गेला. तिसरी खासगी कंपनी बाजारात राहावी म्हणून सरकारला तिची सर्वांत मोठी भागधारक व्हावे लागते, यातच बाजाराची अवस्था स्पष्ट होते. जून 2024 च्या अखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांनी एका दिवसाच्या अंतराने साधारण 10 ते 25 टक्के दरवाढ जाहीर केली, तेव्हा अनेक ग्राहक भारत संचार निगमकडे वळले खरे, पण त्या कंपनीची फोर-जी सेवा तेव्हा बहुतांश ठिकाणी उभीच राहिली नव्हती, आणि स्वस्त रिचार्ज घेऊन रेंज नसलेला फोन हातात धरण्यात कोणाचेही समाधान झाले नाही.

मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात नोव्हेंबर 2010 मध्ये हरियाणात आणि जानेवारी 2011 पासून देशभर मिळाली. निघून जाण्याचा मार्ग कायद्याने मोकळा करण्याचे हे उत्तम उदाहरण आहे, परंतु जेथे टॉवर एकाच कंपनीचा आहे तेथे हा हक्क कागदावरच राहतो. सह्याद्रीच्या घाटाखालील वाड्यांत किंवा मेळघाटात कोणते सिम घ्यावे हा प्रश्न कोणती कंपनी चांगली असा नसतो, कोणत्या टेकडीवरून कोणाची रेंज पकडते असा असतो.

आता दर्जाकडे वळावे. दर्जाचा प्रश्न निवडीच्या प्रश्नाहून वेगळा मानला जातो, पण तो त्याचाच पुढचा भाग आहे, कारण ज्याला निवड नाही त्याला दर्जा मोजून दाखवण्याची सक्ती कोणावर नसते. घरगुती जोडणीच्या योजनेत 100 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट वाहून नेणारा वेग, असे लिहिलेले असते तेव्हा तो कमाल वेग असतो. किमान किती मिळेल याचे वचन सहसा नसते. एकच क्षमता अनेक घरांत वाटली जाते, आणि चाळीतल्या सामाईक नळावर सकाळी सातला जे होते तेच संध्याकाळी नऊला तारेवर होते. या वाटणीच्या प्रमाणासाठी ‘ट्राय’ने 2009 मध्ये मर्यादा सुचवली होती: घरगुती ग्राहकांसाठी पन्नासास एक, व्यावसायिकांसाठी तिसास एक. हे प्रमाण आपल्या इमारतीत किती आहे हे ग्राहकाला कोणी सांगत नाही, तो विचारूही शकत नाही, आणि विचारले तर उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ते ठाऊक नसते. ब्रॉडबँड कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्याच दीर्घकाळ इतकी खाली होती की तिच्यापेक्षा वाईट सेवा देणे अवघड होते: 2004 मध्ये 256 केबीपीएस, 2013 मध्ये 512, आणि 2023 मध्ये 2 एमबीपीएस. अमेरिकेने 2024 मध्ये हा उंबरठा 100 एमबीपीएसवर नेला. उंबरठा उंच केल्याने वेग आपोआप वाढत नाही हे खरे, पण कमी वेगाच्या सेवेला ब्रॉडबँड म्हणून विकता येत नाही, एवढे तरी त्यातून साधते.

1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या सेवा-दर्जाच्या नव्या विनियमांनी काही पावले योग्य दिशेने टाकली. एखाद्या जिल्ह्यात चोवीस तासांहून अधिक काळ जाळे बंद राहिले तर ग्राहकाला सूट किंवा वैधतेची वाढ द्यावी लागते, आणि तारेवरील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त न झाल्यास भाड्यात सवलत द्यावी लागते. हेतू चांगला असला तरी मोजमापाचे एकक पाहण्यासारखे आहे. एका इमारतीची तार रस्तेखोदाईत तुटली तर तो जिल्ह्याचा खंड ठरत नाही. आणि महिन्याला सहाशे रुपये भरणाऱ्या ग्राहकाला दिवसामागे वीस रुपये परत मिळाले, तरी त्या दिवशी त्याची मुलाखत हुकली असेल, दुकानाचे व्यवहार थांबले असतील, वैद्यकीय सल्ला राहिला असेल, तर त्या नुकसानीशी वीस रुपयांचा काही संबंध नाही. भरपाईचा हिशेब भाड्याच्या प्रमाणात ठेवणारा नियम इंटरनेटला अजूनही करमणुकीची वस्तू मानतो. शाळाप्रवेशापासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत आणि बँकेपासून रेशनपर्यंत सर्व काही ज्या सरकारने ऑनलाइन नेले, त्याच्या नियमांत ही जाण उतरायला हवी होती.

निघून जाण्याचा मार्ग अरुंद असेल तर आवाज तरी मोठा हवा, पण येथे ग्राहकाच्या पदरी आणखी मोठी निराशा आली. 1885 च्या तार कायद्यात 1957 साली घातलेल्या कलम 7-ब नुसार दूरसंचारातील वाद सरकारने नेमलेल्या लवादापुढे जायचे असत, आणि या कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2009 मध्ये निर्णय दिला की अशा तक्रारी ग्राहक न्यायालयांत चालणार नाहीत. जुना दूरध्वनी हे सरकारचे खाते असताना केलेली तरतूद खासगी कंपन्यांच्या पथ्यावर पडली आणि त्यानंतरच्या वर्षांत असंख्य तक्रारी या एकाच आक्षेपावर फेटाळल्या गेल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, व्होडाफोन आयडिया कंपनीच्या एका अपिलात, ग्राहक न्यायालयांचा अधिकार मान्य केला. मधल्या जवळजवळ साडेबारा वर्षांत, म्हणजे नेमक्या ज्या काळात देश इंटरनेटवर आला त्याच काळात, सामान्य ग्राहकाला जवळचे न्यायालय बंद होते. ‘ट्राय’ व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. 2012 च्या विनियमांनुसार पहिली तक्रार कंपनीकडे करायची आणि अपीलही कंपनीनेच नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे. बँकेच्या ग्राहकाला 1995 पासून रिझर्व्ह बँकेचा लोकपाल उपलब्ध आहे. दूरसंचारासाठी असा लोकपाल असावा ही ‘ट्राय’ची शिफारस 2004 पासून पडून आहे आणि 2017 मध्ये ती पुन्हा केली गेली. 2023 च्या दूरसंचार कायद्यात तक्रारींसाठी ऑनलाइन यंत्रणेची तरतूद आहे आणि तिने ग्राहक संरक्षण कायद्याखालील हक्क बाधित होत नाही, ही त्यातील जमेची बाजू मान्य केली पाहिजे.

या सर्व मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. भारतातील डेटा जगातील सर्वांत स्वस्त डेटांपैकी आहे. 2014 च्या सुमारास एका जीबीला दोनशे रुपयांहून अधिक मोजावे लागत, आज ते दहा रुपयांच्या आसपास पडतात. तेव्हा इतक्या स्वस्त सेवेकडून दर्जाची अपेक्षा करणे अवाजवी आहे, असे म्हटले जाते. स्वस्ताईने कोट्यवधी गरिबांच्या हाती इंटरनेट दिले, हे कोणत्याही टीकेपेक्षा मोठे सत्य आहे. परंतु दर्जाची तक्रार करणारा ग्राहक दर कमी करा असे म्हणत नाही, त्याची मागणी जे कबूल केले ते द्या अशी आहे. शिवाय स्वस्ताई ही तीव्र स्पर्धेच्या काळाची देणगी होती, आणि स्पर्धा ओसरल्यावर ती टिकेलच असे मानण्यास 2019, 2021 आणि 2024 च्या एकापाठोपाठ एक दरवाढींनी आधार ठेवलेला नाही. ज्या वृद्ध ग्राहकाला केवळ बोलण्यापुरता फोन हवा होता, त्याला न वापरलेल्या डेटाचे पैसे वर्षानुवर्षे भरावे लागले. फक्त बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळी योजना असावी हा आदेश ‘ट्राय’ला डिसेंबर 2024 मध्ये काढावा लागला. इतकी साधी वस्तू बाजाराने आपणहून पुरवली नाही.

उपायाचा विचार करताना परदेशाकडे पाहण्याआधी मुंबईच्या उपनगरांकडे पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क आहे असे ठरवले, आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2009 च्या आदेशानंतर उपनगरातील ग्राहकांना तेथील वीज वितरक रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. तार पूर्वीचीच राहिली, विक्रेता बदलला, आणि तार वापरल्याबद्दल वेगळा वहन आकार बिलात लागू झाला. लाखो कुटुंबांनी हा बदल केला. अधिभारांवरून पुढे पुष्कळ वाद झाले आणि व्यवस्था गुंतागुंतीची झाली, हेही नमूद केले पाहिजे. तरीही जे वाहते ते आणि ज्यातून वाहते ते यांची किंमत स्वतंत्रपणे ठरवता येते, हे महाराष्ट्राच्या नियामकाने प्रत्यक्ष करून दाखवले. महावितरणच्या बिलातही वहन आकाराची ओळ असते. इंटरनेटच्या बिलात ती नाही, कारण तेथे तार आणि सेवा वेगळी करण्यास कोणी भाग पाडलेले नाही. ब्रिटनमध्ये 2006 साली बीटी कंपनीचा तारांचा विभाग ‘ओपनरीच’ या नावाने वेगळा काढण्यात आला आणि सर्व सेवादात्यांना समान अटींवर तार देण्याचे बंधन त्यावर आले. स्टॉकहोम महापालिकेने 1994 मध्ये ‘स्टोकॅब’ ही स्वतःची कंपनी स्थापून शहरभर फायबर टाकली, पण त्यावरून स्वतः सेवा विकली नाही; ती तार मागेल त्या कंपनीला समान दराने भाड्याने दिली, ज्यामुळे रस्ते वारंवार खोदावे लागले नाहीत आणि ग्राहकाला निवडही मिळाली. रस्तेखोदाईचे शुल्क आकारणाऱ्या मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांनी त्याच खड्ड्यात स्वतःची सामाईक नळी टाकून ती भाड्याने दिली, तर त्यांचे उत्पन्नही बुडणार नाही आणि नव्या, लहान सेवादात्याला शहरात पाय ठेवता येईल.

हे काम केवळ नियामकावर सोडण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून सामूहिक खरेदीची पद्धत रुजवली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. एकटा ग्राहक दुकानदारापुढे दुबळा असतो पण शंभर कुटुंबे एकत्र आली की भाव आणि दर्जा दोन्ही बोलता येतात, हा त्या चळवळीचा अनुभव गृहनिर्माण सोसायट्यांना थेट उपयोगी आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून सोसायटीने इमारतीतील अंतर्गत तार स्वतःच्या मालकीची ठेवली आणि तळमजल्यापर्यंत कोणत्याही कंपनीला येऊ दिले, तर तार व सेवा यांची फारकत त्या इमारतीपुरती कोणत्याही कायद्याची वाट न पाहता होऊ शकते. करारात किमान वेग, दुरुस्तीची मुदत आणि भरपाईची रक्कम लिहून घेणे हे पाचशे सदनिकांच्या संकुलाला सहज शक्य आहे.

ग्रामीण भागात तार आणि सेवा वेगळी ठेवण्याचा निर्णय सरकारच्याच हाती आहे. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले, आणि ऑगस्ट 2023 मध्ये तिच्या सुधारित टप्प्यासाठी सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपये मंजूर करण्यात आले. हा पैसा सार्वजनिक आहे आणि ती तारही सार्वजनिक आहे, त्यामुळे खासगी हक्कांचा किंवा सरकारी कंपनीच्या हिताचा अडसर येथे सांगता येणार नाही. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा एकाच कंपनीच्या किंवा एकाच स्थानिक भागीदाराच्या स्वाधीन करायचा, की समान भाड्याने येईल त्याला खुला ठेवायचा, हे गावागणिक होणारे करार अजून लिहिले जात असतानाच ठरवावे लागेल, कारण घराघरांत तार पोहोचून हद्दी पक्क्या झाल्यावर त्या मोडणे किती अवघड असते हे शहरांनी पाहिलेले आहे.